पुरेसे चित्र

सीटी स्कॅनच्या फिल्मवर प्रत्येक चित्राच्या कडेला बारीक अक्षरांत जो मजकूर उमटलेला असतो, त्यात रुग्णाचे नाव, वय, तारीख यांच्या जोडीला आणखी दोन आकडे असतात, आणि ते बहुधा कोणी वाचत नाही. कारण आईबापांना त्यांचा अर्थ ठाऊक नसतो आणि डॉक्टरांचे लक्ष साहजिकच चित्राच्या मध्यभागी, म्हणजे रोग जेथे असण्याचा संभव तेथे, लागलेले असते. त्यांपैकी एक आकडा किलोव्होल्टचा व दुसरा मिलिअँपिअरचा; पहिल्यावरून क्ष-किरणांची भेदकता समजते, दुसऱ्यावरून त्यांचे प्रमाण. बुलढाणा जिल्ह्यात क्ष-किरण तंत्रज्ञ म्हणून माझी हयात गेली. प्रथम साध्या एक्स-रेच्या अंधाऱ्या खोलीत, फिल्म धुण्याच्या औषधांच्या वासात, आणि पुढे सीटीची यंत्रे आली तेव्हा त्यांच्या पडद्यासमोर. या सबंध काळात, घाटावरच्या चिखली-मेहकराकडून काय किंवा घाटाखालच्या नांदुरा-मलकापुराकडून काय, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या जुन्या फिल्म्स घेऊन जे जे मूल आले, त्याची फिल्म खिडकीच्या उजेडात धरून हे दोन आकडे प्रथम वाचावयाचे, असा माझा शिरस्ता पडून गेला. आणि पुष्कळदा असे आढळले की, ज्या आकड्यांवर साठीच्या, भरदार अंगाच्या शेतकऱ्याचे पोट पाहावे, नेमक्या त्याच आकड्यांवर आठ महिन्यांच्या अर्भकाचेही पोट पाहिलेले आहे.

यात वावगे काय, हे जरा विस्ताराने सांगितले पाहिजे. क्ष-किरण देहात शिरले की वाटेतल्या पेशींमध्ये त्यांची ऊर्जा जिरत जाते, आणि जे पलीकडे निघतात त्यांच्या हिशेबावरून यंत्र चित्र रचते. प्रौढाच्या पोटाचा घेर मोठा. तेथे बाहेरचा मांसल थर आतल्या इंद्रियांचे काही अंशी रक्षण करतो आणि गाभ्यापर्यंत पोहोचणारी मात्रा कातडीजवळच्या मात्रेच्या निम्म्याच्या आसपास उरते. अर्भकाला असे कवच नाही. किरणांची नळी त्याच्याभोवती फिरत असता ते एका अंगाने शिरून दुसऱ्या अंगापर्यंत फारसे क्षीण न होता पोहोचतात, आणि यकृत, आतडी, हाडांतील रक्त घडविणारी मज्जा, या साऱ्यांच्या वाट्याला जवळजवळ पूर्ण मात्रा येते. त्यात दोन गोष्टींची भर पडते. वाढत्या वयात पेशींचे विभाजन झपाट्याने चाललेले असल्यामुळे त्यांना इजा लवकर पोहोचते, ही एक; आणि किरणोत्सर्गाने झालेल्या इजेतून कर्करोग उद्भवायचा तर मध्ये कित्येक वर्षांचा, कधी तीन-चार दशकांचा अवधी जावा लागतो, तो अवधी साठीच्या माणसापाशी पुष्कळदा शिल्लक नसतो व बालकापाशी सबंधच्या सबंध शिल्लक असतो, ही दुसरी. हिरोशिमा व नागासाकी येथील अणुबाँबमधून वाचलेल्या लोकांची जी पाहणी दशकानुदशके चालली आहे, तिच्यातही ज्यांच्यावर तो प्रसंग बालपणी ओढवला त्यांना पुढील आयुष्यात धोका अधिक राहिला, असेच दिसून आले आहे.

सीटीचे यंत्र जन्मले ते प्रौढाच्या मस्तकासाठी. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधील विम्बल्डन येथील ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे छेदचित्र घेतले, आणि १९७९ मध्ये त्यांना व ॲलन कॉर्मॅक यांना या कार्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. त्या यंत्राला एकेका फेरीला काही मिनिटे लागत. इतका वेळ निश्चल पडून राहणे लहान मुलाला शक्य नव्हते, म्हणून मुलांच्या वाटेला हे यंत्र फारसे गेले नाही. १९९० च्या सुमारास टेबल सरकत असता नळी अखंड फिरत राहील अशी सर्पिल रचनेची यंत्रे आली, मिनिटांचे सेकंद झाले, आणि रडणारे, हातपाय झाडणारे मूलही त्यावर ठेवता येऊ लागले. वेग वाढला हा मोठा उपकारच होता; परंतु मुलांचे स्कॅन सोपे झाले तसे ते पुष्कळही झाले, आणि यंत्रात भरून ठेवलेले आकडे मात्र प्रौढांचेच राहिले.

हे कसे घडते, ते यंत्रासमोर बसणाऱ्यालाच नीट समजते. पडद्यावर मानवी देहाची एक आकृती असते. डोक्यावर, छातीवर किंवा पोटावर कळ दाबली की त्या त्या भागाच्या तपासणीचे ठरीव प्रोटोकॉल उघडतात. तेथेच एका कोपऱ्यात प्रौढ आणि बालक असे दोन कप्पे असतात. सकाळपासून ओळीने प्रौढांचे स्कॅन चालले असतात, बाहेर बाकावर माणसे दाटीवाटीने बसलेली असतात, कोणाची सलाईन संपत आलेली असते, कोणाला शेवटच्या एस.टी.ने जळगाव जामोदला परत जावयाचे असते. अशा वेळी प्रौढांचा कप्पा उघडाच असतो आणि हात सवयीने त्याच्यातच जातो. चित्र उत्तम येते. कोणाची तक्रार येत नाही. साध्या एक्स-रेच्या फिल्मच्या दिवसांत मात्रा जास्त झाली की फिल्म काळीठिक्कर पडे आणि चूक चारचौघांत उघडी होई. सीटीच्या बाबतीत उलट प्रकार आहे, मात्रा जितकी अधिक तितके चित्र अधिक तुळतुळीत, म्हणून जेथे मुलाचे नुकसान झाले तेथेच तंत्रज्ञाची वाहवा होते. या कामातली सर्वांत घातक गोष्ट मला ही वाटत आली आहे.

मी शिकत होतो तेव्हा एका वयोवृद्ध रेडिओलॉजिस्टांच्या हाताखाली काम करण्याचे भाग्य मला लाभले. तीन वर्षांच्या एका मुलाच्या पोटाचा स्कॅन त्यांनी माझ्याकडून मुद्दाम कमी मात्रेवर करून घेतला. पडद्यावर आलेले चित्र दाणेदार होते, आमच्या बोलीत ज्याला नॉईज म्हणतात तो भरपूर होता, आणि मी खट्टू होऊन ‘सर, पुन्हा घेऊ का?’ असे विचारले. ते चष्मा कपाळावर सरकवून पडद्याजवळ आले आणि बोटाने एकेक इंद्रिय दाखवीत म्हणाले, ‘हे यकृत. दिसतंय ना? हे मूत्रपिंड. ही गाठ, आणि ही तिची कड. ती कुठून निघाली आहे तेही कळतंय. आता आणखी काय हवंय तुला?’ मी गप्प राहिलो. मग त्यांनी कागदावर गणित मांडून दाखवले: चित्रातला दाणेदारपणा निम्म्यावर आणावयाचा तर मात्रा दुप्पट करून भागत नाही, चौपट करावी लागते, याचाच अर्थ असा की, दुपटीइतका दाणेदारपणा चालवून घेण्याची आपली तयारी असेल, तर मुलाच्या अंगावर पडणारी मात्रा एक चतुर्थांशावर येते. व्होल्टेजचेही तसेच. बाकी सर्व तेच ठेवून १२० किलोव्होल्टचे ८० केले तर मात्रा सुमारे तिसऱ्या हिश्श्यावर उतरते, आणि शिरेतून दिलेले आयोडीनयुक्त औषध तर कमी व्होल्टेजवर उलट अधिकच ठळक उठते. बालकाचा देह लहान असल्यामुळे एवढ्या क्षीण किरणांनीही काम निभते. तेव्हापासून प्रत्येक मुलाच्या वेळी, या स्कॅनला विचारलेला प्रश्न कोणता आणि त्याच्या उत्तरापुरते चित्र म्हणजे केवढे चित्र, हे मी आधी ठरवू लागलो. डोक्यात पाणी साचते म्हणून ज्याच्या मेंदूत शंटची नळी बसवली आहे, त्या मुलाच्या बाबतीत मेंदूतील पोकळ्या वाढल्या की नाहीत एवढेच पाहावयाचे असते; त्याला पांढऱ्या आणि करड्या भागांतला सूक्ष्म भेद दाखविणारे चित्र कशाला हवे? अशा मुलाला आयुष्यात कितीदा तरी या टेबलावर यावे लागते. आणि तान्ह्या मुलाची टाळू भरलेली नसेल तर तिच्यातून सोनोग्राफी करूनही या पोकळ्या दिसतात. तेथे क्ष-किरणांची मुळीच गरज पडत नाही.

ही जाणीव जगातही फार जुनी नाही. २००१ मध्ये अमेरिकेतील रोएंटजेनॉलॉजीच्या नियतकालिकात एकाच अंकात आलेल्या लेखांनी मोठी खळबळ उडवली. एका लेखात, मुलांच्या छाती-पोटाच्या स्कॅनसाठी यंत्राचे आकडे वयानुसार बदलले जातच नाहीत, असे दाखवून दिले होते. डेव्हिड ब्रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी गणना मांडली होती की, अमेरिकेत १५ वर्षांखालील ज्या सुमारे ६ लक्ष मुलांचे डोक्याचे वा पोटाचे सीटी दर वर्षी होते, त्यांपैकी सुमारे ५०० मुले या किरणांमुळे पुढे केव्हातरी कर्करोगाने दगावण्याचा संभव आहे. ती गणना होती, मोजदाद नव्हती. मोजदाद २०१२ मध्ये आली. ब्रिटनमध्ये १९८५ ते २००२ या काळात सीटी झालेल्या पावणेदोन लक्षांहून अधिक मुलांचा व तरुणांचा माग काढून मार्क पिअर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध केले की, सुमारे ५० मिलिग्रे एवढी मात्रा एकंदरीत पडली तर रक्ताच्या कर्करोगाचा धोका जवळजवळ तिप्पट होऊ शकतो, आणि ६० मिलिग्रेच्या आसपास मेंदूच्या अर्बुदाचा. त्यानंतर ऑस्ट्रेलियात, आणि पुढे युरोपातील नऊ देशांत मिळून याहून विशाल पाहण्या झाल्या. युरोपातील पाहणीचे निष्कर्ष २०२२ च्या अखेरीस व २०२३ मध्ये आले आणि त्यांनीही याच दिशेला बोट दाखवले.

परंतु ‘तिप्पट’ हा शब्द ऐकून आईबापांच्या काळजात जे धस्स होते, ते मी इतक्या वेळा पाहिले आहे की त्याच दमात पुढचे वाक्य सांगितल्यावाचून मला राहवत नाही. मुळातला धोका फार लहान आहे, म्हणून त्याची तिप्पटही लहानच राहते. त्याच ब्रिटिश पाहणीचा हिशेब असा की, १० वर्षांखालील १०,००० मुलांच्या डोक्याचे स्कॅन झाले, तर पुढील १० वर्षांत रक्ताच्या कर्करोगाचा एक आणि मेंदूच्या अर्बुदाचा एक, असे रुग्ण जास्तीचे निघतील. डोक्याच्या एका स्कॅनची परिणामी मात्रा साधारणतः २ मिलिसिव्हर्टच्या घरात जाते. आणि जमीन, हवा, अन्न आणि आकाश यांच्याकडून माणसाला जगभरात सरासरीने दर वर्षी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतच असतात. ज्या मुलाला स्कॅनची खरी गरज आहे त्याच्या दृष्टीने हा धोका विचारात घेण्याजोगाही नाही. ज्याला गरज नाही, त्याच्या दृष्टीने मात्र तो निव्वळ तोटा आहे, आणि तो वाटेल तेवढा लहान असला तरी त्याच्या पदरात घालण्याचा अधिकार आपल्याला नाही.

गरज कोणाला आणि कोणाला नाही, हा प्रश्न आमच्याकडे सर्वांत अधिक येतो तो डोक्याला मार लागलेल्या मुलांच्या संबंधात. कोणी लिंबाच्या झाडावरून पडते, कोणी धाब्यावरून. कोणी पोळ्याच्या गर्दीत बैलाच्या पायाखाली येता येता वाचते. सोयाबीनच्या हंगामात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून घसरलेली मुले येतात. ‘डोक्याचा मामला हाय भाऊ, काढूनच टाका फोटो, मनात शंका नको,’ असे बाप म्हणतो, आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हटले असते. २००९ मध्ये अमेरिकेतील बालरुग्णांच्या तातडीच्या विभागांनी एकत्र येऊन ४२,००० हून अधिक मुलांची पाहणी केली आणि कोणत्या मुलाला स्कॅनवाचून निर्धास्तपणे घरी पाठवता येईल याची एक कसोटी तयार केली. दोन वर्षांखालील मुलाच्या बाबतीत सहा गोष्टी पाहावयाच्या: शुद्ध नीट आहे का, कवटीला हात लावून चीर लागते का, डोक्याच्या मागे वा बाजूंना सूज आहे का, पाच सेकंद किंवा अधिक काळ बेशुद्धी आली होती का, अपघात जबर होता का, आणि आईबापांच्या मते मूल नेहमीसारखे वागत आहे का. यांपैकी कोणतीच धोक्याची खूण नसेल तर मेंदूला गंभीर इजा असण्याचा संभव १०,००० मुलांत दोनांहूनही कमी. कपाळावरचे टेंगूळ, ज्याच्यामुळे सगळे घर हवालदिल होते, ते या यादीतच नाही. आणि शेवटची कसोटी पाहा: इतक्या मोठ्या शास्त्रीय पाहणीने आईच्या शब्दाला किरणांच्या बरोबरीने पुराव्याचा मान दिला. मला या गोष्टीचे अतिशय समाधान वाटते, कारण आमच्या बाकावर बसलेल्या अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या बायांना हे नेहमीच माहीत होते, त्यांना कोणी विचारत मात्र नव्हते.

शेगावकडच्या एका खेड्यातली एक म्हातारी दीड वर्षाच्या नातवाला घेऊन आली होती. खाटेवरून पडलेला, कपाळावर लिंबाएवढे टेंगूळ, हातात अर्धे चावलेले बिस्किट. ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरांनी स्कॅनची चिठ्ठी लिहून ठेवली होती. पण त्यांचे मन द्विधा होते, म्हणून ते स्वतः चिठ्ठीबरोबर आले. मी म्हातारीला विचारले, ‘माय, नातू नेहमीसारखा वागतो का? की सुस्त वाटतो?’ ‘सुस्त काहून राहीन?’ ती म्हणाली, ‘मघापासून माह्या बांगड्या ओढून राह्यला.’ डॉक्टरांनी मूल पुन्हा तपासले, यादीतली प्रत्येक गोष्ट पाहिली, आणि संध्याकाळपर्यंत दोघांना आमच्याच व्हरांड्यात बसवून ठेवले. मुलाने दूध प्यायले, तो झोपला, हाक मारताच उठला. दिवेलागणीला ते घरी गेले. अशा वेळी चार-सहा तास मूल नजरेखाली ठेवणे हा स्कॅनचा रीतसर पर्याय आहे. त्याला एक बाक आणि लक्ष देणारा एक माणूस एवढेच लागते.

याच्या उलट प्रसंगही सांगितला पाहिजे, नाहीतर वाचकाचा गैरसमज होईल. मोताळा तालुक्यातली सात वर्षांची एक मुलगी ट्रॉलीवरून पडली होती. पडल्यावर ती उठून चालली, बोलली, आणि तासाभराने ओकाऱ्या सुरू होऊन ती पेंगुळली. तिला टेबलावर ठेवले तेव्हा बापाचे हात थरथरत होते. कानाच्या वर, कवटी आणि मेंदू यांच्यामध्ये, दोन्ही बाजूंनी फुगीर असा रक्ताचा पांढरा ठिपका पडद्यावर दिसला आणि मी रिपोर्टची वाट न पाहता डॉक्टरांना आत बोलावले. १०८ ची गाडी दारात उभीच होती. मुलगी शस्त्रक्रियेला वेळेत पोहोचली आणि पुढे शाळेतही जाऊ लागली. तेथे किरणांच्या भीतीने कोणी पाच मिनिटे जरी घालवली असती तरी तो अपराध ठरला असता. मात्रेचा विचार मी त्याही वेळी केला, तो एवढाच की कप्पा मुलांचा उघडला. त्याला फारसा वेळ लागत नाही.

टेबलावरची तयारी हा मात्रेचाच भाग आहे, हे नव्या तंत्रज्ञांना पटवून द्यावे लागते. मूल मध्येच हलले की चित्र फिसकटते, पुन्हा स्कॅन करावा लागतो, आणि सारे आकडे काटेकोर ठेवूनही मात्रा दुप्पट होऊन बसते. म्हणून तान्ह्या मुलाला पोटभर पाजून, दुपट्यात गच्च गुंडाळून, निजू द्यावयाचे. मोठ्याला डॉक्टरांच्या देखरेखीखाली पेडिक्लोरिल हे झोपेचे औषध द्यावयाचे आणि ते अंगी लागेपर्यंत रांगेतल्या पुढच्या माणसाला आधी घ्यावयाचे. रांगेतला माणूस कुरकुरत नाही. मुलासाठी थांबलो आहोत म्हटले की आमच्याकडचा माणूस खुशाल थांबतो. आई आत थांबणार असेल तर ‘दिवस तर गेलेले नाहीत ना?’ हे हलक्या आवाजात विचारून तिला शिशाचा एप्रन घालावयाचा. मूल वर्तुळाच्या बरोबर मध्यावर येईल असे टेबल वरखाली करावयाचे, कारण लहान देह मध्यापासून ढळला की यंत्राचा अंदाज चुकतो. डोके पाहावयाचे तर मानेपर्यंत उतरावयाचे नाही, छाती पाहावयाची तर मूत्रपिंडापर्यंत जावयाचे नाही. आणि चिठ्ठीवर ‘प्लेन व कॉन्ट्रास्ट’ असे सवयीने लिहिलेले असेल, तर फोन उचलून, औषधाशिवायचा फेरा खरोखर हवा आहे का, हे विचारावयाचे, कारण दोन फेरे म्हणजे दोन मात्रा. तंत्रज्ञाने डॉक्टरांना असे विचारणे हा आपल्याकडच्या उतरंडीत आगाऊपणा समजला जातो, आणि एकदा मला तसे स्पष्ट सुनावण्यातही आले. परंतु बहुतेक जण क्षणभर थांबून ‘नको, कॉन्ट्रास्टच करा’ असे म्हणतात, हा माझा अनुभव आहे.

यंत्र स्वतः मात्रेचा आकडा दाखवते, मग काळजी कशाला, असे कोणी म्हणेल. तो आकडा वाचण्यातही एक खोच आहे. यंत्राचा हिशेब ॲक्रिलिकच्या नळकांड्यावर बेतलेला असतो; एक नळकांडे १६ सेंटिमीटर व्यासाचे, दुसरे ३२ सेंटिमीटरचे. मुलाच्या पोटाचा स्कॅन करताना यंत्राने ३२ चे नळकांडे गृहीत धरले असेल आणि मुलाच्या देहाचा व्यास १६ च्या आसपास असेल, तर पडद्यावरच्या आकड्याच्या सुमारे दुप्पट मात्रा त्याला मिळालेली असते. आकडा खोटा नसतो, तो दुसऱ्याच देहाचा असतो. अमेरिकेतील वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०११ मध्ये देहाच्या आकारानुसार ही दुरुस्ती करण्याची कोष्टके प्रसिद्ध केली. त्यांची एक प्रत मी पडद्याशेजारी चिकटवून ठेवली आहे. डोक्यासाठी युरोपीय मार्गदर्शनातले आकडे त्याच कागदावर हाताने लिहिले आहेत: ३ महिने ते १ वर्ष, २८ मिलिग्रे, १ ते ६ वर्षे, ४०, त्यापुढे ५०. यांच्या वर गेलो तर का गेलो, याचे उत्तर स्वतःपाशी असले पाहिजे.

करोनाच्या साथीत या सगळ्या विवेकाची कसोटी लागली. छातीच्या एचआरसीटीचा जो लोंढा आला त्याला अंत नव्हता. सप्टेंबर २०२० मध्ये राज्य शासनाला या तपासणीचे दर यंत्राच्या क्षमतेनुसार २,०००, २,५०० व ३,००० रुपये असे बांधून द्यावे लागले. दर बांधले, पण मात्रा कोणी बांधली नाही. मे २०२१ मध्ये एम्सचे तत्कालीन संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी एक सीटी म्हणजे छातीचे ३०० ते ४०० एक्स-रे असे सांगितले, आणि रेडिओलॉजिस्टांच्या राष्ट्रीय संघटनेने हे गणित कालबाह्य आहे म्हणून त्याला हरकत घेतली. त्या वादाच्या बातम्या वाचताना मला वाटे की, यातला कोणताही एक आकडा सर्व यंत्रांना लागू करणेच चूक आहे. एकाच यंत्रावर, एकाच मुलाची छाती, कोणता कप्पा उघडला यावरून कितीतरी पट कमी-अधिक मात्रेत पाहता येते. घरातल्या एकाला ताप आला की ‘पोरांचाही करून घ्या’ म्हणून अंगाने ठणठणीत मुलांना घेऊन आलेले लोक मी पाहिले. ज्यांना समजावणे शक्य होते त्यांना डॉक्टरांकडे परत पाठवले; त्यांतले कित्येक जण पुन्हा आले नाहीत, आणि ते मला बरेच वाटले.

एका मुलाविषयी लिहावयाचे राहून जाऊ नये असे वाटते. सातपुड्याच्या पायथ्याशी, संग्रामपूर तालुक्यात त्याचे गाव. नऊ वर्षांचे पोर. शाळेत झटका येऊन पडले. स्कॅनमध्ये मेंदूत काही मिलिमीटरची एक बारीक कडी आणि तिच्याभोवती सूज. आपल्या देशात मुलांच्या झटक्यांमागे ही कडी वारंवार आढळते. पूर्वी ती क्षयाची गाठ समजली जाई. १९८९ च्या सुमारास वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील मेंदूशल्यचिकित्सकांनी दाखवून दिले की, यांतल्या पुष्कळशा म्हणजे मेंदूत जाऊन मरत असलेल्या पट्टकृमीच्या अळ्या असतात आणि काही महिन्यांत आपोआप विरून जातात. ती विरली की नाही हे पाहण्यासाठी पुन्हा स्कॅन, यात चुकीचे काही नाही. पण या मुलाच्या बापाने पिशवीतून जेव्हा फिल्म्स काढून माझ्यासमोर मांडल्या, तेव्हा त्या वेगवेगळ्या तीन गावांच्या होत्या, तिन्ही प्लेन आणि कॉन्ट्रास्ट अशा दुहेरी होत्या, आणि पहिल्या दोहोंत तर पुरता महिनाही गेलेला नव्हता. एका डॉक्टरांना दुसऱ्याकडचे ठाऊक नव्हते. बापाला वाटत होते की जितके अधिक फोटो तितका इलाज पक्का. ‘तीन येळा काढला भाऊ, तरी गाठ तशीच हाय. अजून मोठ्या मशीनवर घाला,’ तो म्हणाला. कापूस विकून आलेला पैसा त्याने यात घातला होता. मी त्या मुलाच्या बालरोगतज्ज्ञांना फोन लावला. त्यांनी सांगितले की औषध चालू आहे, झटके थांबले आहेत, आता सहा महिन्यांपर्यंत काही पाहण्याची गरज नाही आणि पुढे पाहावयाचेच झाले तर एमआरआयवर पाहू. त्यात क्ष-किरण नसतात. त्या दिवशी मुलाचा स्कॅन झाला नाही. बापाला मात्र ‘नाही’ म्हणण्याचे कारण समजावून सांगावयास बराच वेळ लागला, आणि तो वेळ मी दिला याचे मला आजही बरे वाटते.

त्या रात्री एक गोष्ट माझ्या मनातून जाईना. माझ्या छातीवर टीएलडी बॅज असतो. दर तीन महिन्यांनी तो प्रयोगशाळेत जातो आणि माझ्या अंगावर किती किरण पडले याचा अहवाल येतो, तो बहुतेक वेळा शून्याच्या आसपास असतो, कारण मी शिशाच्या काचेमागे उभा असतो. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाने माझ्यासारख्याला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, आणि कोणत्याही एका वर्षात ३० हून अधिक नाही, अशी मर्यादा घालून दिली आहे. रुग्णाला अशी मर्यादा नाही, आणि ती नसावी हेच योग्य. मर्यादा घातली तर मोताळ्याच्या त्या मुलीसारखीला नकार द्यावा लागेल. पण मर्यादा नाही म्हणून नोंदही नसावी, हे मला उमगत नाही. या जिल्ह्यात गुंठाभर जमिनीचाही सातबारा निघतो, त्यावर गेल्या पिढ्यांचे फेरफार वाचता येतात. आणि मुलाच्या देहावर कोठे, केव्हा, किती मात्रा पडली याचा एकही दाखला त्याच्या नावे कोणाच्या दप्तरी राहत नाही.

वस्तुतः यंत्र प्रत्येक स्कॅननंतर स्वतःच एक पान तयार करते. त्यात प्रत्येक फेऱ्याची मात्रा, लांबीसह तिचा गुणाकार आणि गृहीत धरलेले नळकांडे, हे सगळे असते. ते पान संगणकात पडून राहते आणि जागा भरली की पुसले जाते. मी मुलांच्या बाबतीत ते शेवटच्या फिल्मवर एका चौकटीत छापू लागलो. त्याला वेगळा खर्च पडत नाही. शिवाय आईजवळ लसीकरणाचे कार्ड असते. घरातले इतर कागद उंदरांनी खाल्ले तरी हे कार्ड ती ट्रंकेत जपून ठेवते, हे मला ठाऊक आहे. म्हणून त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तारीख, तपासलेला भाग आणि मात्रा, अशा तीन गोष्टी शाईने लिहून देतो आणि पुढच्या वेळी कोणत्याही गावी स्कॅन सांगितला तर हे कार्ड आधी दाखवा, असे बजावतो. आमच्या स्कॅन केंद्राच्या व्यवस्थापनाला प्रथम ही नसती उठाठेव वाटली. पुढे त्यांनी त्यासाठी रबरी शिक्का करून दिला. सर्वच डॉक्टर ते पाहतात असे नाही. पण खामगावकडचे दोघे-तिघे बालरोगतज्ज्ञ अलीकडे चिठ्ठीवरच ‘आधी दोन सीटी झाले, नोंद कार्डावर’ असे लिहून पाठवतात. आणि चिठ्ठी तशी असली की मूल टेबलावर घेण्याआधी मी त्यांना फोन लावून, सोनोग्राफीवर किंवा एमआरआयवर भागेल का, एवढे विचारून घेतो.